जमनाबाईच्या हाताखालची कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. नाव ऐकून तुम्हाला भज्यांचा वास आला असेल तर तो विसरा. माझ्यात एका वेळी तीन क्विंटल ओली हळद मावते. तुमच्यासारखी पाच-सहा मुलं माझ्यात पाय पसरून आरामात बसतील. सध्या मी डोंगरकड्याजवळच्या एका शेतात गोठ्यासमोर असते. माझ्यात पाणी भरलेलं असतं आणि म्हशी येऊन ते पितात. म्हशींबद्दल माझी तक्रार नाही, बिचाऱ्या प्रेमाने चाटतात. पण मी या कामासाठी जन्मले नव्हते.

माझा जन्म वसमतला झाला. एका लोहाराने जाड पत्रे कापले, ठोकून ठोकून त्यांना बाक दिला, एकमेकांना जोडलं आणि दोन्ही बाजूंना धरायला कड्या बसवल्या. मला न्यायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं एक जोडपं आलं, मोहनसिंग आणि जमनाबाई. तोवर ही दोघं दर दिवाळीनंतर ऊस तोडायला परजिल्ह्यात जात आणि चार-पाच महिने पालात राहत. त्यांची नात दिपा त्यांच्याजवळच वाढत होती. तिचे आईवडील पुण्याला बांधकामावर होते. दिपा शाळेत जाण्याएवढी झाली आणि जमनाबाईने ठरवलं, आता ऊस पुरे. घरच्या शेळ्या विकून तिने मला घेतलं. गावोगाव हळद शिजवून द्यायची, उरलेले दिवस जवळच्याच शेतात मजुरी करायची, पण पोरीची शाळा मोडायची नाही. म्हणजे एका मुलीची शाळा माझ्या पत्र्यावर उभी होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याचा मला फार अभिमान वाटायचा.

फेब्रुवारी लागला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. शेतात चर खणून चूल करायची, मला वर ठेवायचं, हळद भरायची, पाणी ओतायचं आणि वरून हळदीचा पाला नि ओली पोती झाकायची. मोहनसिंग खाली कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा जाळ घालायचा. तो जाळ घालण्यात पटाईत होता आणि मधूनमधून डुलकी काढण्यातही. खरं काम जमनाबाईचं होतं. हळद कच्ची राहिली तर वाळल्यावर आतून फिकी निघते, जास्त शिजली तर रंग मरतो. बाजारात व्यापारी हळकुंड मोडून बघतो आणि तिथेच शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लागतो. जमनाबाईकडे एक बोथट काडी असायची. वाफेत हात घालून ती एक हळकुंड उचलायची, त्यात काडी रोवायची आणि ती किती सहज आत जाते ते बघायची. मग म्हणायची, "उतरवा." तिचं कधी चुकलं नाही. शेतकरी म्हणायचे, कढई कुणाची का असेना, काडी जमनाबाईची पाहिजे. मला थोडा राग यायचा. पण खरं तेच होतं.

अशी सहा वर्षं गेली. दिपा सहावीत गेली.

त्या वर्षी आम्ही विश्वंभर पाटलांच्या शेतात होतो. पाटलांची आठ एकर हळद होती. अर्धी त्यांनी आम्हाला दिली आणि अर्ध्या हळदीसाठी वाफेचा कुकर मागवला. ट्रॅक्टरमागून एक बॉयलर आणि चार मोठी पिंपं आली. सोबत जगन नावाचा कुकरवाला होता. आम्हाला दिवस लागायचा तेवढं काम कुकर तासाभरात करायचा. मी आ वासून बघत राहिले. कढईला दुसरं येतं तरी काय!

पण जगनची पहिली खेप बिघडली. काही हळद कच्ची, काही पार गाळ. पाटील चिडले. तेव्हा जगन आमच्या चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. गरीब माणूस होता, चेहरा उतरलेला. म्हणाला, "मावशी, शिजली हे तुमाला कसं कळतं? मला बी सांगा ना."

मोहनसिंगने डोळ्याने खुणावलं, सांगू नको. जमनाबाईने ते पाहिलं. तरी ती काडी घेऊन उठली. तीन दिवस ती आमची चूल सांभाळून जगनच्या पिंपांपाशी जात होती, हळकुंडात काडी रोवत होती, आता बंद कर म्हणून सांगत होती. जगन मोबाइलवर वेळ बघायचा आणि किती मिनिटं झाली ते एका चिठ्ठीवर लिहायचा. तिसऱ्या दिवशी त्याने ती चिठ्ठी चिकटपट्टीने बॉयलरवर डकवली.

जमनाबाई त्याला म्हणाली, "हे या सालच्या मालाचं हाय, बाबा. पुढल्या साली हळद जाड निघंल, बारीक निघंल. तवा काडीनंच बघायचं."

त्याने मान हलवली. चिठ्ठीवर मात्र फक्त मिनिटं होती.

त्या संध्याकाळी मोहनसिंगने तिला विचारलं, "काहून सांगितलं तू त्याला?"

"इचारणाऱ्याला न्हाई म्हणता येत न्हाई मला," ती म्हणाली. मग तिने सासूची शिकवण सांगितली. सासूच्या आधीची पिढी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायची. पाणी कुठे आहे असं कुणी वाटेत विचारलं तर खरं तेच सांगायचं, मग तो परका का असेना, असा घरचा नियम होता. सासूने तो सुनेला दिला. जमनाबाईला काडीची गोष्ट त्या पाण्यासारखीच वाटली.

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. बाई, तू आपल्या हाताने आपलं काम देऊन टाकते आहेस, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझ्या पोटात हळद खदखदत होती आणि मला बोलता येत नव्हतं.

पुढच्या हंगामात आम्हाला कुणीच बोलावलं नाही. पाटलांनी नाही, शेजारच्या गावांनीही नाही. सगळीकडे कुकर आणि सगळ्या कुकरवर जगनच्या चिठ्ठीतलीच मिनिटं. मी तांड्यावर उपडी पडून होते. जमनाबाई दर दोन दिवसांनी मला तेल पुसायची. मग तेही थांबलं. पावसाळ्यानंतर मोहनसिंगने मला पाटलांना भंगाराच्या भावात विकलं. दिवाळी झाली, तांड्यावर ऊसतोडीचा ट्रक आला आणि दोघं त्यात बसली. दिपाला मागे ठेवावं तर घरात दुसरं कुणी नव्हतं. तीही बसली.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. जगन पुन्हा कुकर घेऊन आला. या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि हळद नेहमीपेक्षा जाड निघाली होती. चिठ्ठीतल्या मिनिटांनी ती शिजली की नाही ते कळेना. जगनने काडी घातली, पाटलांनी घातली आणि दोघं एकमेकांकडे बघू लागले. शेवटी पाटलांनी फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि माझ्या काठावर हात टेकून ते बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

फोन दिपाने उचलला. सकाळचे अकरा वाजले होते, शाळेची वेळ होती. तिने आजीला हाक मारली.

पाटलांनी अडचण सांगितली. जमनाबाईने हळद किती जाड आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "हात लावल्याबिगर कसं सांगू, पाटील? अंदाजानं सांगितलं अन् माल गेला तर?"

"मग दोन दिवस या तुमी. गाडीभाडं देतो, मजुरी देतो."

"ऊस संपल्याबिगर मुकादम सोडत न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाई येता येत."

पाटलांनी फोन खिशात टाकला आणि चिठ्ठीवर आहे तेवढंच कर, असं जगनला सांगितलं. वाफ बंद झाली. मला वास आला. हळद अजून कच्ची होती, थोडाच वेळ हवा होता. तशीच ती उन्हात पसरली गेली आणि मी म्हशींना पाणी पाजत राहिले.

मुलांनो, यंत्राचा मला राग नाही. त्याने माणसांचे हात भाजायचे वाचवले. पण ज्यांच्याकडून काम शिकाल, त्यांना त्या कामात जागा ठेवा. मला घासू नका, रंगवू नका, माझं व्हायचं ते होऊन गेलं. तुमच्यापैकी कुणाच्या वर्गात दिपाची जागा रिकामी असेल. एप्रिलमध्ये ती परत येईल. तोवर हजेरीतलं तिचं नाव खोडू नका, एवढं तुमच्या मास्तरांना सांगा.