मधोमध सोडलेली जागा

दुकानाच्या दर्शनी खिडकीतली पानगळीची सजावट गुरुवारपर्यंत उभी राहायला हवी होती, आणि मंगळवारची दुपार झाली तरी टेबल मधोमध रिकामं होतं. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी ती जागा. सजावटवाली चार वेळा रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून बघून आली, आणि चारही वेळा ती मोकळी जागा तिला वाकुल्या दाखवत होती. पाचव्यांदा बाहेर जायला निघाली तेव्हा दाराशी बसणारा रखवालदारसुद्धा हसला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा उगाच दाराची कडी पुसायला लागला.

फर्निचरच्या या दुकानाची दर्शनी खिडकी वर्षातून चारदा बदलायची, आणि बदलणारी हीच. तिची पद्धत ठरलेली होती. टेबल-खुर्च्या नव्या, त्यांच्यावर मांडायचं ते सगळं जुनं. नव्यावर नवं मांडलं की माणूस बघतो आणि पुढे जातो. जुनं काही दिसलं की थबकतो, कारण तसलं काहीतरी त्याच्याही घरात कधीतरी होतं. एवढी साधी गोष्ट मालकाला समजावता समजावता तिच्या नाकीनऊ आले होते. मालकाला सगळं चकचकीत लागायचं. गेल्या हिवाळ्यात तिने काळपट पडलेली पितळी मेणबत्तीदानं मिळवली, त्यासाठी तीन बाजार पालथे घातले, आणि या गृहस्थाने सुट्टीच्या दिवशी स्वतः बसून ती घासून लख्ख केली. वर शाबासकी मिळेल म्हणून समोर उभा! इतक्या वर्षांत चढलेला रंग दीड तासात साफ. त्या दिवशी ती फक्त रडायची बाकी राहिली होती.

आज त्याचं वेगळंच टुमणं होतं. खुर्च्या सहा आणि प्लेटा पाच, असं कसं? सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं. सहाव्या खुर्चीवर तिने एक जुनी लोकरी शाल टाकली होती, जणू कुणीतरी आत्ताच उठून गेलंय. मालकाचं म्हणणं, गिऱ्हाइकाला वाटेल खुर्ची मोडकी आहे म्हणून झाकलीय. आता या माणसापुढे काय डोकं आपटायचं?

बाकी टेबल मात्र जमलं होतं. सुईने रफू केलेला मातकट टेबलक्लॉथ, पोचे पडलेल्या दुधाच्या किटलीत वाळलेल्या डहाळ्या, औषधाच्या तपकिरी बाटल्यांत गवताची एकेक काडी, पिवळट मुठींचे काटे-चमचे. आणि त्या पाच प्लेटा. पांढऱ्या, हिरवट काठाच्या, काठावर एका पानाआड दोन अंजिरं रंगवलेली. या प्लेटा तिने आजवर कुठल्याही खिडकीत मांडल्या नव्हत्या. कारण त्या तिच्या आईच्या होत्या.

म्हणजे होत्या, मग नव्हत्या, आणि मग एकेक करून परत मिळवलेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी आई गेली. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. ही कामासाठी दुसऱ्या गावी होती. तिने फोनवर दादाला बजावून सांगितलं होतं, मी परवा येते, तोवर कशाला हात लावू नकोस. दादाने शनिवार-रविवारात घर धुतल्यासारखं रिकामं केलं. ती पोचली तेव्हा काचेचं कपाट होतं तिथे भिंतीवर फक्त एक फिकट चौकोन उरला होता. कपाट, त्यातला अंजिराचा सेट, सगळं जुनं सामान विकत घेणाऱ्या माणसांबरोबर गेलं होतं. दादा म्हणाला, किल्ली द्यायची होती, माझं डोकं चालत नव्हतं. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर बहीणभावाचं बोलणं बंद.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला ती जुन्या बाजारात. तिथे एक म्हातारा दुकानदार होता, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर, म्हणून सगळे त्याला दोन-चष्मे म्हणायचे. फुटक्या घरांचा, मोडलेल्या संसारांचा माल त्याच्याकडे फिरून फिरून यायचा. त्याच्याकडूनच तिला पहिली प्लेट मिळाली, मग दोन, मग मिठाची कुंडी. कुंडीला झाकण नव्हतं. बिनझाकणाची तर बिनझाकणाची, तिने ती घेतली. घरात नवरा म्हणायचा, आपल्याकडे बसायला जागा नाही आणि हिच्या मिठाच्या कुंडीला स्वतंत्र कप्पा. तो म्हणेना का.

खरं हवं होतं ते सूपचं मोठं भांडं. झाकणवालं, दोन कानांचं. एक कान लहानपणी दादाच्या हातून तुटला होता आणि आईने तो चिकटवला होता, जरा तिरपाच. त्या तिरप्या कानासाठी ती चार वर्षं बाजार तुडवत होती. भांडं मिळालं की सेट पुरा झाला, असं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. यंदाची खिडकीसुद्धा तिने त्याच भरवशावर आखली होती, कारण दोन-चष्मेने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की तसलं भांडं एका घरातून येतंय.

आणि परवाच्या रविवारी तोच दोन-चष्मे मान खाली घालून म्हणाला, आलं होतं, गेलं.

"कुणाला दिलंत?"

"आहेत एक गृहस्थ. ताई, गिऱ्हाइकाचं नाव सांगायचा आमच्यात रिवाज नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा गृहस्थ काही पहिल्यांदा ऐकण्यात आला नव्हता. सहावी प्लेटही त्यानेच पळवली होती, दोन वर्षांपूर्वी. दर खेपेला भाव चढायचा तो त्याच्यामुळे. न बघताच ती त्याला ओळखून होती: पोट सुटलेला, बोटांत अंगठ्या, घरी अंजिराची प्लेट भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवणारा. दर रविवारी घरी परतताना ती त्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहायची. परवा तर मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्याने वाहिली.

तर त्या गृहस्थामुळे मंगळवारी दुपारी टेबल असं उघडं पडलं होतं. तिने मध्ये फळांचा डबा ठेवून बघितला, टेबल वाणसामानाचं दुकान वाटायला लागलं. कंदील ठेवला, तर समोरच्या खुर्चीवरचा माणूस दिसेना. पितळी मेणबत्तीदान ठेवायची सोयच नव्हती, ते अजून आरशासारखं चमकत होतं. शेवटी ती खिडकीच्या मागच्या पडद्याआड जमिनीवर बसली, टाचण्यांचा डबा मांडीवर घेतला आणि काहीच केलं नाही. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलं. पडद्यापलीकडून मालकाचा गोड आवाज यायला लागला. गिऱ्हाईक टेबल विचारत नव्हतं, खुर्च्या विचारत नव्हतं. खिडकीतल्या प्लेटा विचारत होतं. पाचही. म्हणाल तो भाव. मालक एकदा म्हणाला की त्या विकायच्या नाहीत, सजावटीच्या आहेत. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, बघू, आमच्या ताईंना विचारतो, नाही म्हणायच्या नाहीत.

ती टाचण्यांचा डबा फेकून उठली. डबा पालथा झाला, टाचण्या सगळीकडे. पडदा बाजूला सारून ती बाहेर आली ती अंगठ्यावाल्या गृहस्थाला फाडून खायच्या तयारीने, आणि समोर दादा उभा होता.

पोट सुटलं नव्हतं. बारीक झाला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. मालक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. कधी नव्हे ते त्याला गप्प बसायचं सुचलं.

"तू?" ती म्हणाली. "तो गृहस्थ तू?"

दादाला कळायला क्षणभर लागलं. मग तो खिडकीकडे बघून म्हणाला, "म्हणजे ती बाई तू. तो म्हातारा मला सांगायचा, एक बाई हात धुऊन मागे लागलीय, लवकर घ्या, नाहीतर नेईल. चार वर्षं मी त्या बाईला शिव्या घालतोय."

सकाळी सातला ही जायची आणि अकरानंतर हा, कारण हा जन्मात कधी लवकर उठला नाही. मधल्या चार तासांत दोन-चष्मे एकाचं नाव काढून दुसऱ्याचा भाव चढवत होता. एकाच आईच्या एकाच सेटसाठी बहीणभाऊ एकमेकांवर बोली लावत होते. हे सगळं तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही, आणि शिरलं तसा तिला आणखीच संताप आला. म्हाताऱ्याचा आला, दादाचा आला आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

"विकलंस तूच ना?" तिने विचारलं. आवाज चढला होता, चढू दे. "मग परत कशाला गोळा करतोयस?"

"विकलं," दादा म्हणाला. "पुढच्याच रविवारी परत आणायला गेलो. तोवर सगळं सुटं होऊन दहा ठिकाणी गेलं होतं. तुला काय सांगणार होतो? फोन उचलला असतास?"

नसता उचलला. तिला ते माहीत होतं. दादाने खिशात हात घातला, रुमाल काढला आणि रुमालातून बोटाच्या पेराएवढं एक झाकण. पांढरं, हिरवट काठाचं. मिठाच्या कुंडीचं. कुंडी कुठे दिसलीच तर जुळवून बघता यावं म्हणून दर रविवारी ते तो खिशात घेऊन फिरत होता. रुमालाचा चुरगळा झाला होता. कुंडी टेबलावर, दुसऱ्या प्लेटेजवळ होती. त्याने वाकून ते कुंडीवर टेकवलं. झाकण बसलं.

मालकाने फक्त एवढंच विचारलं की मग सहावी प्लेट मिळणार का.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दादा खोकं घेऊन हजर. तो आणि सकाळी आठला! खोक्यात सहावी प्लेट आणि टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. तिने टॉवेल सोडला, तिरप्या कानावरून अंगठा फिरवला, आणि भांडं खिडकीत नेऊन ठेवलं. मधोमध. चार वर्षं मनात राखून ठेवलेल्या जागी. शाल काढली, सहावी प्लेट मांडली आणि दादाला ओढत रस्त्यापलीकडे घेऊन गेली.

आणि टेबल साफ बिघडलं होतं. भांडं नको तितकं मोठं दिसत होतं, मागच्या डहाळ्या झाकत होतं, तिरपा कान रस्त्याकडे वेडावाकडा बाहेर आला होता. तिला रडूच यायला लागलं. एवढ्यासाठी केला होता का हा सगळा आटापिटा? इतक्या वर्षांचा तिचा हात, तिची नजर, आणि आईचंच भांडं तिला मांडता येत नव्हतं.

"तिथे का ठेवलंस?" दादा म्हणाला.

"मग कुठे ठेवायचं? मधलं भांडं मध्येच ठेवतात."

"आई कुठे मध्ये ठेवायची?"

ती पुन्हा खिडकीकडे वळली.

"आत जा," तो म्हणाला. "मी सांगतो इथून."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे झाडला असता. ती आत गेली, चपला काढून खिडकीत चढली. काचेपलीकडून दादा हाताने खुणा करत होता. डावीकडे. आणखी डावीकडे. पार टोकाशी, कोपऱ्यातल्या खुर्चीजवळ. ती खुर्ची आईची. आई तिथून वाढायची, म्हणून भांडं कायम तिच्या हाताशी असायचं, आणि मधली जागा मोकळी ठेवायची, कारण मुलांचे हात पलीकडून पोचले पाहिजेत. मग दादाने मनगट फिरवून दाखवलं. कान आत. तुटका कान आई नेहमी स्वतःकडे वळवून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. कुणी तोडला ते कुणी विचारू नये म्हणून.

हे तिला माहीत होतं. त्याच टेबलाशी ती वीस वर्षं जेवली होती. आणि कामाच्या सवयीने ती चार वर्षं मनातल्या टेबलाच्या मध्यावर जागा राखत बसली होती, जिथे आईने ते भांडं एकदाही ठेवलं नव्हतं.

तिने भांडं टोकाशी नेलं, तिरपा कान आत वळवला. मागच्या डहाळ्या मोकळ्या झाल्या. आता टेबल कसं दिसतंय ते बघायला बाहेर जायची तिला गरज वाटली नाही, ती खिडकीतच गुडघ्यांवर बसून राहिली. फुटपाथवरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती, ती थबकली. दादा मात्र खुणा करायचा थांबला होता. त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले होते आणि खांदे हलत होते.

रस्त्यापलीकडे ऐकू जाणार नव्हतं, तरी ती काचेवर बोटाने टकटक करत राहिली, वर बघ म्हणून. तो बघेना. शेवटी ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून गेली.