दुसरं टोक

मित्रांनो, मला जुनी म्हणा, विटकी म्हणा, मला राग नाही. मी सतरंजी आहे. लाल आणि निळ्या पट्ट्यांची, एका कडेला उसवलेली. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका फ्लॅटमध्ये दाराच्या मागे मला गुंडाळून उभं केलं आहे. सतरंजी अशी उभी ठेवत नाहीत. ती घडी करून ठेवतात. माझी घडी का होत नाही, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पानिपतचा. तिथे जुन्या कपड्यांचे ढीग येतात. स्वेटर, शाली, कोट. बायका बसून त्यांची बटणं कापतात, मग मशीन त्यांच्या चिंध्या करतं आणि त्या चिंध्यांचं पुन्हा सूत होतं. म्हणजे मी नवी होते तेव्हाही जुनीच होते. कुणाकुणाच्या अंगावरचं कापड माझ्यात आहे, ते मलाही माहीत नाही.

करोल बागेतल्या दुकानात मला वैजयंतीबाईंनी पाहिलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, हिच्यावर किती जण बसतील. तो म्हणाला, "बीस आदमी, मॅडम."

"और औरतें?"

"औरतें भी बीस."

"नहीं भैया. औरतों की गोद में बच्चा होता है, बगल में थैली होती है. पंद्रह बोलो."

दुकानदार हसला. वैजयंतीबाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच तेवढी जागा हवी होती.

वैजयंतीबाई आणि त्यांचे यजमान अंबादासराव राहुरीकडचे. दोघांच्याही घरी आजोबांच्या काळापासून रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायची रीत. अंबादासरावांना विमानतळावर मालाच्या गोदामात नोकरी लागली आणि ते दिल्लीला आले. इथल्या चर्चमध्ये न्याय आणि शांतीसाठी काम करणारं एक लहानसं मंडळ होतं. बाकीचे लोक त्यात भाषणं ठरवत, मेणबत्त्यांची फेरी काढत. वैजयंतीबाईंनी नाल्याकाठची वस्ती मागून घेतली.

त्या वस्तीत दोन गल्ल्या होत्या. वरच्या गल्लीत बांधकामावरचे मजूर राहत. खालच्या गल्लीत कचरा वेचून निवडणारी बंगाली बोलणारी माणसं राहत. पाण्याचा टँकर वरच्या गल्लीच्या तोंडाशी थांबे. खाली पाणी पोचेपर्यंत भांडण पोचलेलं असे. वरच्यांचा देव वेगळा, खालच्यांचा वेगळा, त्यामुळे पाण्याचं भांडण पाण्यापुरतं राहत नसे.

दर रविवारी मिस्सेनंतर अंबादासराव मला खांद्यावर घेत. मेट्रोच्या तपासणीत मला सरकत्या पट्ट्यावर आडवं टाकावं लागे. तिथला शिपाई दर वेळी विचारी, "अंकल, तंबू लगाने जा रहे हो?" अंबादासराव बायकोला म्हणत, "वैजू, माझी बॅग कधी तू उचलली नाहीस, पण हिला मी उचलायची." त्या म्हणत, "अहो, तुम्ही उचलता म्हणून तर तुम्हाला आणते."

वस्तीत मला मोकळ्या जागेत अंथरत. वैजयंतीबाईंचा नियम साधा होता. बोलायचं असेल त्याने चपला काढून सतरंजीवर बसायचं. खुर्ची कुणालाच नाही, फादर आले तरी नाही. आणि उठताना ज्या दोघांचं भांडण असेल, त्या दोघांनी माझी टोकं धरायची, झटकायची आणि घडी करायची. माझ्या लांबीची सतरंजी एकट्याने झटकता येत नाही. समोरच्याकडे बघावंच लागतं. तो ओढतो तेव्हा आपण ओढावं लागतं, तो पुढे येतो तेव्हा आपणही पुढे यावं लागतं. शेवटी दोघांचे हात एकमेकांना लागतातच.

पहिल्यांदा वरच्या गल्लीतली रामरती आणि खालच्या गल्लीतली शबनम अशा दोघींवर ही पाळी आली. त्यांनी टँकरवर एकमेकींचे हंडे फोडले होते. रामरती म्हणाली, "दीदी, इसके साथ तो मैं नहीं पकड़ूँगी."

"मत पकड़ो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पड़ी रहने दो. हम भी बैठे हैं. शाम तक बैठेंगे."

त्या खरंच बसून राहिल्या. ऊन चढलं. अंबादासरावांनी घड्याळ बघितलं, बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं. शेवटी शबनमने एक टोक उचललं आणि म्हणाली, "आ जा, महारानी. मुझे रोटी भी बनानी है." रामरतीने दुसरं टोक धरलं. तिने मला इतक्या जोराने झटकलं की माझी कड तेव्हाच उसवली. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

त्यानंतर बरीच वर्षं मी झिजले. माझ्यावर चहा सांडला, तान्ही मुलं ओली झाली. हिंदीत सतरंजीला दरी म्हणतात, म्हणून वस्तीतले लोक वैजयंतीबाईंना दरीवाली दीदी म्हणू लागले. टँकर एकदा वरच्या तोंडाशी आणि एकदा खालच्या तोंडाशी थांबू लागला. भांडणं संपली नाहीत, पण घड्या होत राहिल्या.

मग वस्ती हटवायची नोटीस लागली. मंडळातले वकील म्हणाले, दोन्ही गल्ल्या एकत्र कोर्टात गेल्या तर थांबवता येईल. पण एका ठेकेदाराने दोन्हीकडे वेगवेगळं सांगून ठेवलं होतं. वरच्यांना म्हणाला, खालचे गेले की तुमचं वाचेल. खालच्यांना म्हणाला, वरचे गेले की तुमचं वाचेल. दोघांनाही ते खरं वाटत होतं. वैजयंतीबाई रोज जाऊ लागल्या. एकेका घरच्या माणसाला माझ्यावर बसवून त्यांनी सगळ्यांना तयार करत आणलं. एकच बैठक राहिली होती. दोन्ही गल्ल्यांनी समोरासमोर बसून हो म्हणायचं होतं.

त्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि घरी आल्या नाहीत.

बैठक पुढे गेली. फादर म्हणाले, बाईंना जाऊन महिना होईल त्या दिवशीच्या मिस्सेनंतर वस्तीतच जमू, त्यांच्या नावाने लोक एक होतील. अंबादासरावांना ते पटलं. त्यांनी मला स्वतः धुतलं, गच्चीवर वाळवलं. वस्तीत त्यांनी ओळीने फळ्या विटांवर ठेवल्या, म्हणजे मला चिखल लागणार नाही. त्यांवर मला अंथरलं. माझ्यावर वैजयंतीबाईंचा फोटो ठेवला, झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली. हे सगळं त्यांनी मायेने केलं. त्यांना दुसरं काय सुचणार होतं?

लोक आले. चपला काढल्या. रामरतीने मला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती मागे सरली. शबनम लांबूनच रडली. एक लहान पोर सवयीने माझ्यावर येऊन बसलं. त्याच्या आईने त्याला दंडाला धरून उठवलं. "उठ. दीदी की जगह है."

माझ्यावर कुणी बसेना. मग वरचे एका बाजूला उभे राहिले, खालचे दुसऱ्या बाजूला. मध्ये मी होते आणि फोटो होता. फादर चांगलं बोलले. पण नंतर लोकांना बोलायचं होतं आणि ते लांबून उभ्याने बोलू लागले, म्हणून आवाज चढले. कुणी टँकरचं काढलं. कुणी म्हणालं, तुम्ही इथले नाहीतच. बसलेल्या माणसाला उठून जायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात त्याला कुणी थांबवू शकतं. उभा माणूस नुसता वळतो. आधी खालचे वळले, मग वरचे.

मला कळत होतं काय करायला हवं ते. फोटो उचलायचा, मला जमिनीवर ओढायचं आणि म्हणायचं, बसा. अंबादासरावांनाही कळलं असावं. त्यांनी फोटोच्या चौकटीला हात लावला. पण तिथून तिला उचलणं त्यांना जमलं नाही. त्यांनी हात मागे घेतला.

दोन्ही गल्ल्या कोर्टात वेगवेगळ्या गेल्या आणि दोघींचंही कुणी ऐकलं नाही. आधी खालची गल्ली पाडली. वरचे लोक आपल्या दारांत उभे राहून बघत होते. थोड्याच दिवसांत त्यांची दारंही गेली.

वरची गल्ली पाडल्याच्या दुसऱ्या सकाळी अंबादासराव मला घेऊन तिथे गेले. शबनम उरलेल्या गोण्या टेम्पोत चढवत होती. रामरती मोडक्या भिंतीतल्या अख्ख्या विटा वेगळ्या काढत होती. अंबादासरावांनी मला सरळ मातीवर अंथरलं, चपला काढल्या आणि ते बसले. एकटेच.

शबनम जवळ आली. "चाचा, अब किसके लिए बिछाई?"

त्यांनी सरकून शेजारी जागा केली. तेवढ्यात टेम्पोने हॉर्न दिला आणि ती गेली. ते उठले. त्यांनी माझी दोन टोकं हातात धरली आणि समोर बघितलं. रामरतीने मान वर केली. तिच्या दोन्ही हातांत विटा होत्या. तिने पुन्हा खाली बघितलं.

त्यांनी मला गुंडाळलं. गुंडाळणं एकट्याने होतं.

रामरती गाझियाबादकडे गेली असं कळलं. शबनमचं काही कळलं नाही. मंडळ आता भरत नाही. मुलगी सुरुची पुण्याहून फोन करते तेव्हा म्हणते, "पप्पा, ती दरी देऊन टाका ना कुणाला तरी." ते हो म्हणतात. देत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी सतरंजी कुठे दिसली तर तिला जपू नका. तिच्यावर हार ठेवू नका. तिच्यावर बसा, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याला शेजारी बसवा. उठलात की लगेच चपला शोधू नका. दुसरं टोक धरायला थांबा. माझी आता कड गेली आहे, ऊब गेली आहे, आणि माझं ऐकून काही बदलेल अशी मला फारशी आशा नाही. तरी सांगते.

अजूनही एखाद्या रविवारी अंबादासराव मिस्सेहून आले की मला खोलीत अंथरतात. एका कडेला बसतात, बाकीची जागा मोकळी ठेवतात. मग उठतात, दोन टोकं धरतात आणि उभे राहतात. उरलेली दोन टोकं फरशीवर पडलेली असतात. मी जड आहे. त्यांचे हात भरून येतात, तोवर ते धरून ठेवतात.