बुंदीचा पट्टा

वसंतराव रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या फळीवर उतरंड रचत. खाली पितळी ताट, त्यावर उपडा तांब्या, तांब्याच्या बुडावर एकावर एक स्टीलचे पेले. निलंग्याकडचं गाव भूकंपात पडल्यावर ते लातूरला आले, तेव्हापासूनची ही सवय. जमीन जराशी हलली तरी पेले वाजत. ते वाजले की सगळ्यांनी अंगणात पळायचं, कुणी कुणाला विचारत बसायचं नाही, हा घराचा नियम होता. त्यांची नात उर्वी चालायला शिकली तेव्हाच हे शिकली होती.

उर्वीचं हे नीट परीक्षेचं दुसरं वर्ष. तिचे बाबा, श्रीनाथ, एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत. गल्लीतल्या प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर बाहेरगावची मुलं भाड्यानं राहत आणि संध्याकाळ झाली की कुकरची शिट्टीसुद्धा लोकांना जड वाटे. अशा गल्लीत उर्वीनं धर्माबादच्या मावशीकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. बुंदी तिच्या टेबलाखाली, पायाशी झोपे. उर्वी खुर्ची सरकवून उठली रे उठली की तिला वाटे आता खेळायचं, आणि ती कानठळ्या बसतील अशी भुंके.

श्रीनाथांनी पट्टा मागवला. काळा, गळ्याला बसेल असा, आतून दोन बोथट खिळे. सोबत रिमोट.

"आधी नुसता बीप," त्यांनी बायकोला समजावलं. "नाही ऐकलं तर शॉक. निगेटिव्ह मार्किंग समज. दोनदा मार्क कापले की तिसऱ्यांदा कोणी चुकत नाही."

लता ज्युनियर कॉलेजात झूलॉजी शिकवत असे. "पण चूक कोणती, ते तिला कसं कळणार? दुखतं त्या क्षणी समोर जे घडत असेल त्याची भीती बसते. भुंकण्याचीच बसेल असं नाही."

"मॅडम, तुमचं झूलॉजी बेडकांपुरतं ठेवा."

पहिले काही दिवस वाईट गेले. उर्वी उठे, बुंदी भुंके, हॉलमध्ये पेपर तपासत बसलेले श्रीनाथ बटण दाबत. बीप, आणि मागोमाग एक बारीक किंकाळी. मग उर्वी नुसती उभी राहिली तरी बुंदी पलंगाखाली सरपटत जाऊन मुतू लागली. उर्वी रडली.

"मुक्या जिवाला करंट द्यायलास तू," वसंतराव म्हणाले. "लई वाईट हाय हे."

"आबा, परीक्षा होऊ द्या. काढून टाकू."

त्यानंतर किंकाळी थांबली. बुंदी भुंकली तर बीप ऐकू येई, शॉकही श्रीनाथ देत, पण पिल्लाचा आवाज म्हणून येत नसे. हळूहळू भुंकणंही थांबलं. श्रीनाथ खूश होते. क्लासमधल्या दोघा सरांना त्यांनी पट्ट्याचं नाव कळवलं.

लताला घर विचित्र वाटू लागलं होतं. उर्वी पाणी मागायची ते बसल्या जागी. जेवणही टेबलावरच. उठायची ती बाबा घरात नसताना, नाहीतर ते झोपल्यावर. हाक मारली तर मान न वळवता हलकेच ओ द्यायची. एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. डास चावतात, म्हणाली. वरच्या भाडेकरू मुलींच्या आया लताला म्हणत, तुमच्या मुलीची बैठक काय आहे हो!

एका संध्याकाळी लता भाजी निवडत असताना पेले वाजले.

आधी किणकिण, मग वरचा पेला घरंगळून फरशीवर पडला. "भाईर! भाईर!" वसंतराव ओरडले. श्रीनाथ आबांचा हात धरून धावले. लता त्यांच्या मागोमाग अंगणात आली. वरच्या मुली जिन्यावरून अनवाणी उतरल्या. पायाखाली जमीन एकदा कुरकुरल्यासारखी झाली आणि थांबली. सगळे होते. उर्वी नव्हती.

लता आत पळाली.

उर्वी टेबलाशी बसली होती. दोन्ही हात पुस्तकावर सपाट. पायाशी बुंदी, तीही तशीच गप्प. वरचा बल्ब अजून झुलत होता आणि दोघींच्या सावल्या भिंतीवर मागेपुढे होत होत्या.

"उर्वी! पेले वाजले, ऐकलं नाहीस?"

"ऐकलं."

"मग ऊठ की!"

"आई, उठता येत नाही." आवाज अगदी शांत होता. "मी ठरवते. पाय उठत नाहीत."

लतानं बुंदीच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं जुनी लाल नाडी होती. मग तिनं उर्वीची बाही वर सारली. काळा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट बांधलेला. कडेला, जिथून तो थोडा सरकला होता तिथं, लाल ठिपके, जोडीजोडीनं.

"तिला फार लागत होतं," उर्वी म्हणाली. "म्हणून मी घातला. मी उठले की ती भुंकायची. बाबा दाबायचे. मला वाटलं, थोडेच दिवस."

लतानं बक्कल सोडायला घेतलं. ते लवकर सुटेना. सुटलं तसा पट्टा तिनं टेबलावर टाकला, उर्वीला काखेत हात घालून उभं केलं आणि जवळजवळ ओढतच अंगणात आणलं. बुंदी मागे आली.

"कुठं होतीस गं?" श्रीनाथ पुढे झाले. "असा जीव काढतात का?"

लता त्यांना सांगणार तेवढ्यात बुंदीनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिला उर्वी मोकळ्या अंगणात उभी दिसत होती. ती शेपूट हलवत आनंदानं भुंकली.

श्रीनाथांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशातल्या रिमोटवर गेला. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

रिकाम्या घरातून, उघड्या दारातून, बीप ऐकू आला.

उर्वी खाली बसली. धडपडून नाही. रोजच्या जागेवर बसावं तशी, धुळीत, हात मांडीवर सपाट ठेवून. बुंदी गप्प झाली आणि तिच्या पायाशी जाऊन बसली.

श्रीनाथांचा अंगठा खिशावरच राहिला. ते उर्वीकडे पाहत होते, मग लताकडे, मग मुलीच्या उघड्या मनगटाकडे.

नातीला बसलेलं पाहून वसंतरावांनी भिंतीला हात टेकला.

"परत हललं का?" त्यांनी विचारलं.