साठवणुकीची फी

तिसऱ्या खेपेला गर्भ राहिला तेव्हा इतक्यात कुणाला सांगायचं नाही, असं कौमुदीने ठरवलं होतं. पण हेरंबचा चेहरा पाहूनच त्याच्या आईला, वसुंधराबाईंना, कळलं. त्या दांडिया बाजारातून पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "वाटायचे नाहीत गं कुणाला. आपल्यापुरतेच." नंतरचे काही आठवडे घरात सगळे हळू बोलत होते, शेजारच्या खोलीत कुणी निजलंय असे. मग एका सकाळी फतेगंजच्या शाळेत, आठवीला समीकरणं शिकवताना, कौमुदीच्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांची पहिली खेप बचतीतून झाली होती. दुसरीला हेरंबने मकरपुऱ्यातल्या कंपनीतून पीएफ काढला. तिसरीला काहीच उरलं नव्हतं, म्हणून दोघांची क्रेडिट कार्डं पुढे आली. "मूल झालं की फेडू हळूहळू," हेरंब म्हणाला होता, आणि तिलाही ते पटलं होतं. त्या दिवसांत व्याजाचा दर विचारायचं कुणाच्या ध्यानात असतं?

दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या खर्चाचा विषय कुणी काढला नाही. काढला असता तर त्या बाळाचाही निघाला असता. हेरंब दर महिन्याला दोन्ही कार्डांची किमान रक्कम तेवढी भरत राहिला आणि देणं मुकाट्याने फुगत गेलं. एक महिना तर किमान रक्कमही जमली नाही. तेव्हा मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, कौमुदीचा फोन वाजला.

"बेन, पेमेंट क्यारे करशो?" पैसे कधी भरणार, असं कार्डाचा वसुलीवाला चढ्या आवाजात गुजरातीत विचारत होता. "कार्ड वापरती वखते विचार नहोतो कर्यो?"

शेजारच्या बाईंनी डब्यातून मान वर केली. कौमुदीने फोन बंद केला. विचार केला होता, तिला सांगावंसं वाटलं. नाव काय ठेवायचं, इथपर्यंत केला होता.

घरी येऊन तिने हेरंबला समोर बसवलं. "आता लपवायचं नाही. एकमेकांपासूनसुद्धा."

दोघं बँकेत गेले, कार्डं बंद केली आणि सगळ्या देण्याचा एकच हप्ता बांधून घेतला. पण तो एवढा मोठा होता, की कौमुदीचा जवळजवळ सगळा पगार त्यातच जाणार होता. वसुंधराबाईंनी न विचारता आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"आई, नको."

"नातवंडाच्या बारशाला मोडणार होते. त्याच्यासाठीच मोडल्या असं समज."

लहरीपुऱ्यातल्या सोनाराकडे पाटल्या देऊन आल्यावर हप्ता थोडा उतरला. गाडी विकली. धुण्याभांड्याची बाई बंद केली. दिवाळीला फराळ निम्मा झाला, आणि आतेबहिणीच्या लग्नाला नाशिकला एकट्या वसुंधराबाईच जाऊन आल्या. घर कसंबसं उरलेल्या पगारात बसायला लागलं.

अशात दवाखान्यातून फोन आला. तिसऱ्या खेपेला तयार झालेले आणखी दोन गर्भ अजून तिथे गोठवून ठेवलेले होते. त्यांच्या साठवणुकीची वर्षाची फी भरायची होती.

"भरू," हेरंब लगेच म्हणाला. "मित्राकडून घेतो. नाहीतर नवीन कार्ड काढतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढे बघू."

"हेरंब, फी भरली तरी ते तिथेच राहणार. त्यांना माझ्या पोटात आणायचा खर्च कुठून करणार? आणि मी पुन्हा..." "माझ्याच्याने पुन्हा नाही होणार रे."

तो उठून गॅलरीत गेला. तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "आपली आहेत ती, कौमुदी."

"माहितीये मला."

त्या शनिवारी दोघं दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला. फी भरायची नसेल तर गर्भ नष्ट करायला दोघांचीही संमती लागत होती. तिने कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं आणि समजुतीने दुसरीकडे पाहिलं. कौमुदीने सही केली. हेरंबने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. सही कर असं ती म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. शेवटी त्याने सही केली आणि भर काउंटरवर, लोकांसमोर, हुंदके देऊन रडला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला रडताना पाहत होती. तिला स्वतःला मात्र रडू आलं नाही. रिक्षात नाही, घरी वसुंधराबाईंनी दोघांना वाढलं तेव्हाही नाही.

देणं फिटायला पुढची दोन वर्षं गेली. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी हेरंब जिलेबी घेऊन आला आणि तिघांनी ती खाल्ली.

पुढच्या महिन्यात, पगार होऊन किराणा, वीजबिल, वसुंधराबाईंची औषधं, सगळं भागवल्यावरही कौमुदीच्या खात्यात पैसे उरले. तिने मोबाईलवर शिल्लक पुन्हा पाहिली. चूक नव्हती. खंडेराव मार्केटच्या पायरीवर, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, ती विचार करत बसली, की आता ह्यातून घरासाठी काय घ्यावं. तिला काहीच सुचेना. आणि मग, इतक्या वर्षांनी, तिथे बसल्या बसल्या, दवाखान्यातून येताना न आलेलं रडू तिला फुटलं.