ज्या ज्या कानांवर मी बसलो

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे आणि मला कान आवडत नाहीत.

चपलेने पायांचा तिटकारा करावा तसं हे झालं, मला कळतं. पण तुम्ही कान बाहेरून पाहता. कुणाचे सुपासारखे, कुणाचे इवलेसे, कुणाच्या कानात भिकबाळी. मी ते जवळून पाहिले आहेत, आणि आत जे असतं ते बघून कुणाचंही जेवण जाईल. मला जेवायचं नसतं, एवढंच काय ते माझं सुख.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं पांढरे हातमोजे घालून काम करत. त्यांनी माझ्या दोन्ही वाट्यांत लहान लहान स्पीकर बसवले, म्हणजे पुढचा आवाज पुढून यावा, पाठीमागचा पाठीमागून यावा. याला सराउंड साउंड म्हणतात. वाट्यांवर मऊ फोमच्या गाद्या चढवल्या, तोंडापाशी माईकची वाकडी दांडी लावली आणि मला खोक्यात निजवलं. खोक्यावर एका मुलाचं चित्र होतं. त्याचे केस कोरडे होते आणि कान धुतल्यासारखे स्वच्छ होते. सगळं जग तसंच असेल असं मी समजून चाललो.

दोन हजार सहा साली मी देवासला, मोठ्या रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन पडलो. दुकानदाराने मला खोक्यातून काढलं आणि काउंटरवर खिळ्याला टांगलं. मग येईल त्याला म्हणायचा, "भिया, लगा के तो देखो! देखने के थोड़ी पैसे लगते हैं!"

झालं. सारं देवास मला लावून बघायला लोटलं. शेव खाल्लेले हात तसेच माझ्या गाद्यांवर. डोक्याला चपचपीत आवळ्याचं तेल. कुणी कानात काडी घालून आलेला, तर कुणी काडी कधीच न घातलेला. एका गृहस्थाने तोंडात गुटखा ठेवूनच माईकमध्ये "हेलो, हेलो" केलं आणि माझी दांडी तांबडी केली. ऐकून झालं की प्रत्येक जण म्हणायचा, "मस्त है भिया," आणि निघून जायचा. विकत कुणी घेईना. माझ्या पांढऱ्या गाद्या पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. मला स्वतःचीच शिसारी येऊ लागली.

शेवटी सगळ्यांनी वापरलेला म्हणून दुकानदाराने मला स्वस्तात काढलं आणि आयुषने घरी नेलं. आयुष कॉलेजात जाणारा मुलगा. औद्योगिक भागामागच्या कॉलनीत त्याचं घर होतं. घरात आई-बाबा, शाळेत जाणारी धाकटी बहीण देवश्री आणि आजोबा. आजोबांना सगळे तात्या म्हणत.

तात्यांची थोरली बहीण धारच्या एका जुन्या दरबारी घराण्यात दिलेली. तिच्या पाठोपाठ तात्या माळव्यात आले, देवासच्या कारखान्यात चिकटले आणि निवृत्तीपर्यंत पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर उभे राहिले. पण त्यांचा जीव होता तबल्यात. मराठी मंडळाच्या भजनाला तात्यांच्या तबल्याशिवाय सुरुवात होत नसे. मारुतीराव पेटी वाजवत आणि तात्या हातोडीने ठोकत ठोकत तबला असा सुरात लावत, की मारुतीराव डोळे मिटून मान हलवत. कारखान्याने तात्यांना निरोपाच्या दिवशी घड्याळ दिलं होतं. ते त्यांनी कधी लावलं नाही. ही हातोडी मात्र मखमलीच्या पिशवीत असे.

घरी आल्या आल्या आयुषने मला स्पिरिटने पुसलं. मित्रांनो, मला रडू यायचंच काय ते राहिलं. त्याने कॉम्प्युटरवर आधी गोळीबाराचा खेळ लावला. पाठीमागून पावलं वाजली तसा तो खुर्चीतल्या खुर्चीत वळला. "अरे यार, असली में पीछे कोणी आहे असं वाटतंय!" मग माझ्यासोबत आलेली सीडी लावली. तीत एक मधमाशी होती. ती डोक्याभोवती गुणगुणत फिरायची, समोरून उजवीकडे, मागे, मग डावीकडे. देवश्रीने हवेत टाळ्या वाजवून ती मारायचा प्रयत्न केला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की आपण कामाचे आहोत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, आणि धारहून तात्यांची बहीण आली होती. घरातले लहानमोठे सगळे तिला ताईच म्हणत. धारच्या त्यांच्या घरी संस्थानाच्या वेळची तलवार अजून पुजतात. भावाच्या घरी तलवार नाही, पण म्हणून ताई थोडीच गप्प बसणार! त्यांनी तात्यांचे पाने, पक्कड, तबल्याची हातोडी, आईची सुरी, कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि मला, सगळ्यांना पाटावर मांडलं.

"ताई, त्याला पाणी नको लावू," आयुष म्हणाला.

"गप रे. ज्यावर पोट चालतं ते शस्त्र. आणि तुझं तर अख्खं डोकं यात असतं. त्याची पूजा नको का व्हायला?"

मी पाटावर उताणा होतो, डावी वाटी वर करून. ताईंनी ओलं हळदकुंकू सढळ हाताने लावलं, फुलाने पाणी शिंपडलं, वर अक्षता टाकल्या. हळद गादीत मुरली. कुंकवाचा ओघळ थेट आत स्पीकरवर उतरला, आणि दोन तांदूळ त्याच्या पाठोपाठ. गुटख्याच्या मानाने हे बरं होतं, तरी नाकातोंडात चिखल जावा तसं मला झालं. माझी डावी बाजू मुकी झाली.

दसऱ्याच्या दुपारी सगळ्यांनी आग्रह करून मला तात्यांच्या डोक्यावर चढवलं. आणि मित्रांनो, तेव्हा मला तो वास आला.

गुटख्याचा, तेलाचा, घामाचा वास मला पाठ होता. हा तसला नव्हता. तात्यांच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता, लसणीच्या तेलात भिजवलेला. त्या बोळ्यामागून सडक्या मांसासारखी घाण येत होती. तात्यांचा कान वाहत होता. वरून गाल गुळगुळीत दाढी केलेला, कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि आत हे! उडी मारता आली असती तर मी मारली असती.

मधमाशी फिरली. तात्या म्हणाले, "डावीकडे गेली की गप्प होते रे ती."

आयुषने मला काढून स्वतः लावलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, तू कुंकू लावून लावून याला बहिरं करून टाकलंस!" सगळे खो खो हसले. ताईही हसल्या. तात्या मात्र सगळ्यांत जास्त हसले. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास त्यांनी सोडलेला मला कळला. कानाचं त्यांना केव्हापासून ठाऊक होतं. आज दोष माझ्यावर गेला होता.

आयुषने मला उघडून वाळवलं, तांदूळ काढले, कुंकू कोरलं. डावी बाजू पुन्हा बोलू लागली. "आता बघा, तात्या." माशी फिरली. उजवीकडे आली तशी तात्यांची बुबुळं हलली. डावीकडे माझा स्पीकर जीव तोडून गुणगुणला. बुबुळं जागची हलली नाहीत.

"झक्कास!" तात्या म्हणाले. "आता दोन्हीकडून येतंय."

धडधडीत खोटं. आणि का, ते मला हळूहळू उमगलं. दत्तजयंतीला मंडळाचं मोठं भजन होतं. एक कान गेला हे कळलं असतं तर लोकांनी मोठ्या मायेने त्यांना खुर्ची दिली असती, शाल दिली असती आणि तबला दुसऱ्या कुणापुढे ठेवला असता. तात्यांना ती शाल नको होती. म्हणून डॉक्टरही नको होता.

त्यानंतर रोज दुपारी, घर वामकुक्षीला लवंडलं की तात्या मला लावून गाणी ऐकत. उजव्या कानाने ऐकत आणि डाव्या कानाने माझी गादी भिजवत. फोम काय, सगळं शोषून घेतो. लसूण, तेल, पू. आठवड्याभरात माझी डावी गादी चिकट झाली. मला तात्यांचा राग येई. आपल्याच शरीराची एवढी हेळसांड करणारा माणूस तबल्याच्या शाईला, त्या काळ्या गोलाला, दुसऱ्या कुणाचं बोट लागू देत नाही, हे मी रोज पाहत होतो.

तुम्ही विचाराल, घरात दुसऱ्या कुणाला वास येत नव्हता? येत होता! सगळ्यांना येत होता. आई नाकाला पदर लावून मला डेटॉलने पुसायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची. आयुष माझ्यावर रुमाल गुंडाळून खेळायचा. बाबा जेवताना तात्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसू लागले. एकदा मारुतीरावांनी इकडेतिकडे हुंगून विचारलं, "उंदीर मेला का रे कुठे?" तेव्हा आई घाईघाईने म्हणाली, "तो आयुषचा हेडसेट आहे ना, सेकंडहँड, त्याला वास येतो."

मला! बघा ही माणसं! थोरांचा मान राखायचा म्हणून घाण माझ्या गळ्यात. तात्यांच्या पाया पडायला सगळे वाकत होते, पण "तात्या, तुमच्या कानाला काय झालंय?" एवढं विचारायला कुणाची जीभ उचलत नव्हती. त्या पुवापेक्षा मला या सभ्यतेची किळस आली.

दत्तजयंती जवळ आली. संध्याकाळी घरातच सरावाला मंडळी जमली. ताईही धारहून आल्या होत्या. मारुतीरावांनी पेटीचा सूर धरला, तात्या मांडीवर तबला घेऊन, उजवा कान खाली झुकवून ठोकू लागले. त्याच खोलीत कॉम्प्युटर होता. देवश्रीला भजनाचा कंटाळा आला होता आणि तिला आपला गाड्यांचा खेळ खेळायचा होता. तिने मला उचललं, कानाला लावलं आणि दुसऱ्या क्षणी जमिनीवर आपटलं. तिच्या गालाला ओलं लागलं होतं.

ती तरातरा तात्यांपाशी गेली, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि ओरडली, "छी! तात्या, आपके कान से मरे हुए चूहे की बास आती है! मला उलटी येते!"

पेटी थांबली. आईचा हात उठला. "देवश्री! मोठ्यांना असं बोलतात?"

तात्या उजवा कान तबल्याला जवळजवळ टेकवून ठोकतच होते. चेहऱ्यावर तेच मंद हसू. सूर थांबल्याचं जाणवलं तसं त्यांनी मान वर करून मारुतीरावांकडे पाहिलं. "काय झालं? धरा ना सूर."

त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर पोर घसा फोडून ओरडली होती आणि त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. खोलीत कुणीच कुणाकडे बघेना. मारुतीरावांनी पेटीचा भाता मिटला. आईचा उठलेला हात तसाच राहिला. मग ताई उठल्या, भावाच्या डाव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी त्याच्या कानातला बोळा काढला. तो बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी फिरवलं असतं.

"कृष्णा," एरवी कुणी घेत नसलेल्या नावाने त्यांनी हाक मारली, ती उजवीकडे वाकून, "किती दिवस रे हे?"

तात्यांनी हातोडी पिशवीत घातली आणि नाडी आवळली.

इंदूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांनाच झापलं. कानामागचं हाड सडत चाललं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते मेंदूपर्यंत गेलं असतं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, डावा कान गेला तो गेलाच. "दिवाळीच्या आधी आणलं असतंत तर ऐकणंही वाचवता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आईने ते वाक्य सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

दत्तजयंती तात्यांशिवाय झाली. डोक्याला पट्टी बांधून ते पलंगावर पडले होते. देवश्री दारात घुटमळत होती. तात्यांनी तिला उजव्या बाजूला बसवून घेतलं.

"त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कोणी सांगतच नाही. तू सांग."

तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग देवश्रीने उजव्या कानात पुन्हा सगळं सांगितलं, चूहा, उलटी, सगळं. तात्या हसले. हसताना टाके ओढले गेले असावेत, कारण त्यांनी डोळे मिटले.

"खरंच एवढा वास येत होता? मग आधी का नाही ग सांगितलंस, बाई?"

"सांगणार होते ना, दिवाली के पहले," देवश्री म्हणाली. "सब लोगों को आता था. मम्मी ने बोला, तात्यांना वाईट वाटेल."

माझ्या गाद्या आयुषने जाळल्या. मी नुसता सांगाडा होऊन माळ्यावर पडलो आहे आणि मला त्याची मुळीच तक्रार नाही. मित्रांनो, मला पुसा किंवा फेकून द्या, चालेल. पण आपल्या माणसाला वास आला, तर नाकाला पदर लावून बाजूला सरकू नका. तोंड वाकडं करा, "छी" म्हणा, पण त्याला ऐकू येईल अशा बाजूला जाऊन म्हणा.