माझी बॅटरी नवीन होती

मी मीटर बोलतोय, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणातून. विजेचा मीटर समजू नका. त्याच्याकडे निदान कोणीतरी येऊन बघून तरी जातं. मी मेटल डिटेक्टरला वरून जोडायचा मीटर. जमिनीत काहीतरी धातूचं आहे, एवढंच डिटेक्टर ओरडून सांगतो. ते काय असावं, हे माझा काटा दाखवतो. दाखवायचा, असं म्हणायला हवं. आता माझ्या उशाला सुतळीचा गुंडा आहे, पायाशी धार गेलेली कात्री आहे, आणि खरं सांगायचं तर माझी काही तक्रार नाही. फार दमलोय मी.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. एका बाईने माझ्या तारांना डाख दिला, दुसरीने काटा बसवला, तिसरीने तोंडावर कागदी तबकडी चिकटवली. त्या कागदावर डावीकडून उजवीकडे शब्द छापलेले होते: लोखंड, कचरा, पितळ, तांबे, चांदी. अंगठ्याने कागद दाबता दाबता ती शेजारणीला आपल्या नणंदेचे पराक्रम सांगत होती. त्यामुळे कागद जरा तिरका बसला, तो आजही तिरकाच आहे.

सांगायचा मुद्दा असा, की हे शब्द माझे नव्हेत. मला कशाची किंमत कळत नाही. डिटेक्टरची खालची थाळी जमिनीत हाक मारते. कुठला धातू त्या हाकेला चटकन ओ देतो, कुठला रेंगाळत देतो. तेवढा फरक मला कळतो आणि काटा हलतो. पुढचं सगळं कागदाचं.

मला विकत घेतलं एका नळदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी. जमिनीत गाडले गेलेले पाइप आणि व्हॉल्व्हची झाकणं शोधायला त्यांच्याकडे एक जुना डिटेक्टर होता. तो खिळ्यालाही ओरडायचा आणि पाइपालाही, तेवढ्याच जोराने. मिस्त्रींनी मला त्याच्या दांड्यावर पट्ट्याने बांधलं, माझी तार त्याच्यात खुपसली, आणि मी त्या घरी घरजावई झालो. खाणं माझं वेगळं, म्हणजे बॅटरी वेगळी; राहणं मात्र त्याच्या जिवावर. तो माझ्याशी कधी धड बोलला नाही.

मी येण्याआधी मिस्त्री जिथे आवाज येईल तिथे खणायचे. मी आल्यावर ते निवडायला लागले. काटा कचऱ्यावर गेला की खुरपं वाकवायचंच नाही, पाऊल पुढे टाकायचं. "डोकं आहे याला," असं ते बायकोला माझ्याबद्दल सांगायचे. सुरुवातीला मी फुलून जायचो. मग कंटाळा आला. दिवसभर उन्हात हलत राहायचं, आणि वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारणार, "काय मिस्त्री, सोनं लागलं का?" नळाचं झाकण लागलं म्हटलं की तोंड वाकडं करून चालता होणार.

मिस्त्रींची बायको कपड्यांची डागडुजी करायची. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, आणि मशीनच्या खणाची, कपाटाची, घराची अशा चाव्यांचा जुडगा कमरेला. त्या जुडग्यात एक बिल्ला होता. लहानपणी तिच्या थोरल्या भावाने स्टेशनवरच्या मशीनमधून तो काढून दिला होता. काटा फिरवून एकेक अक्षरावर आणायचा, दांडा ओढायचा, की चकतीवर अक्षर उमटतं, तसलं मशीन. बिल्ल्यावर तिचं नाव होतं. आईबापांमागे त्या भावानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं, आणि एक दिवस तोही गेला. "चांदीचा आहे हो, दादाने दिलेला," असं ती सांगायची. चांदी काळी पडू नये म्हणून तिने बिल्ल्याला जाड कापडाची खोळ शिवली होती. ती खोळ उसवलेली मिस्त्रींनी कधी पाहिली नव्हती, मग मी कुठून पाहणार.

त्या आठवड्यात आम्हाला एका खेळाच्या मैदानावर काम होतं. तिथे बसगाड्या उभ्या करायला डांबर टाकायचं ठरलं होतं, आणि त्याआधी गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायची होती. मिस्त्रींना आपली चावी सापडेना, म्हणून बायकोचा जुडगा खिशात टाकून ते निघाले. खिशाला भोक होतं. गावभरचे खिसे शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा खिसा फाटका! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

संध्याकाळी जुडगा गायब. दुसऱ्या दिवशी आम्ही शोधायला गेलो. माझा काटा पितळेवर गेला आणि गवतातून सगळ्या चाव्या निघाल्या. कडी उघडली होती. बिल्ला नव्हता.

"चाव्या मिळाल्या ना, मग झालं," मिस्त्री घरी येऊन म्हणाले.

 बाईने चाव्या घेतल्या, मशीनवर बसली, आणि जेवायला उठलीच नाही. ती भांडली असती तर मिस्त्रींना परवडलं असतं. तोंड शिवून बसलेल्या बायकोपुढे त्यांचा जीव अर्धा झाला.

"अगं, शोधतो मी," ते म्हणाले. "चांदी आहे ना? मग काटा थेट उजव्या टोकाला जाणार. लपून लपणार कुठे?"

बाईने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही आत जाईना.

"दादा चांदीच म्हणाला होता," ती म्हणाली.

मग आमची पायपीट सुरू झाली. त्या मैदानावर वर्षानुवर्षं लोक सामने बघत, बाटल्या आणि डबे फोडत बसलेले. पावलापावलावर झाकणं, कड्या, चांदीसारख्या दिसणाऱ्या कागदाचे बोळे. माझा काटा कचऱ्यावर जाऊन जाऊन दुखायला लागला. मिस्त्री काट्याकडे बघायचे आणि पुढे चालायचे. फुटबॉलच्या डाव्या गोलखांबाजवळ मला एक ओ ऐकू आली. गोल, स्वच्छ, इकडून गेलो तरी तशीच, तिकडून गेलो तरी तशीच. काटा कचऱ्यावर थांबला. मिस्त्रींनी पाऊल पुढे टाकलं. मी काय करणार? मला तोंड आहे, पण त्यावर दुसऱ्याचे शब्द चिकटवलेत.

शेवटच्या दिवशी बाई स्वतः आली. मैदान एकदा दाबून रोलर कडेला उभाच होता.

"मिस्त्री, आटपा आता," रोलरवाला म्हणाला. "उद्या सकाळी खडी पडणार. मग बोटभर खिळाही निघायचा नाही."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. गुडघे मातीने माखलेले, मान काट्यावर झुकवून आखडलेली. तिने माझ्याकडे बोट केलं.

"त्याला काढून ठेवा."

"अगं, त्याच्याशिवाय कळणार कसं?"

"नाही कळलं तर नाही. जिथे वाजेल तिथे खणू. मी आहे ना बरोबर."

"सगळं मैदान वाजतंय!"

"मग सगळं मैदान खणू."

मिस्त्रींनी माझी तार उपसली, पट्टा सोडला आणि मला गोलखांबाच्या खिळ्याला अडकवलं. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं इमानाने काटा हलवला, आणि नेमक्या गरजेच्या वेळी मला शेंडीला धरून बाजूला टांगलं. डिटेक्टर मात्र खुशीत बोंबलत सुटला.

दोघं खणत राहिली. ते थाळी फिरवायचे, ती खुरप्याने माती उकरायची. जे निघेल ते ती पदरात टाकायची: झाकण, कडी, बोळा, पुन्हा झाकण. मधेच मिस्त्री म्हणाले, "म्हातारपणी बायकोने मैदान खणायला लावलं," आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. सरकत सरकत ते माझ्या खांबापाशी आले. माझ्या डोळ्यांदेखत तिने तीच जागा उकरली.

रोलरने दाबलेली खोळ निघाली. कापड फाटून लोंबत होतं. मिस्त्रींनी ते बाजूला केलं आणि बिल्ला तळहातावर घेतला.

आयुष्यभर धातू हाताळलेला माणूस. त्याला माझी गरज नव्हती. चांदी काळवंडते, हा पांढुरका पडला होता. आणि हलका, अगदी हलका. त्यांनी तो एकदा हातात तोलला, आणि मला कळलं की त्यांना कळलं. मग त्यांनी फाटक्या खोळीकडे पाहिलं, तिच्या बारीक, दुहेरी टाक्यांकडे. मग बायकोकडे. ती मातीत बसून होती, त्यांच्या हाताकडे बघत. तिचा चेहरा लहान मुलीसारखा घाबरला होता.

त्या क्षणी मला उमगलं, की तिला सगळं ठाऊक होतं. म्हणून ती खोळ. म्हणूनच मला काढून ठेवायला लावलं. शोधा कचऱ्यात, असं सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. दादाला खोटं पाडण्यापेक्षा तिने सगळं मैदान खणणं पत्करलं.

रोलरवाला कुतूहलाने जवळ आला. "सापडला का? बघू, लावा की मीटर. चांदी कशी दाखवतो ते तरी बघू द्या."

मिस्त्रींनी बिल्ला मुठीत मिटला.

"बॅटरी संपलीय त्याची," ते म्हणाले.

"बरं झालं," बाई हळूच म्हणाली. मग तिने त्यांच्या मुठीतून बिल्ला घेतला, पदराच्या स्वच्छ टोकाने पुसला, नाव आहे ना ते पाहिलं, आणि तिथेच रडली. "दादाची चांदी फार नाजूक आहे गं," असं म्हणून मिस्त्री तिच्या शेजारी मातीत बसले.

माझी बॅटरी नवीन होती. आदल्याच दिवशी घातलेली. तोवर माझ्याबद्दल कोणी खोटं बोललेलं मला खपलं नसतं. त्या दिवशी खपलं.

त्यानंतर मिस्त्रींनी मला जोडलं नाही. गुडघे कुरकुरतात, तरी ते आता जिथे वाजेल तिथे खणतात. मी या खणात आलो. बॅटरीही केव्हाच काढून घेतली, घड्याळाला लागली म्हणे. बाईने बिल्ल्याला नवी खोळ शिवली आहे, पहिलीपेक्षा जाड. माझ्या खणाच्या वरच एक खिळा आहे. तिथे ती रोज चाव्यांचा जुडगा अडकवते, आणि बिल्ला लाकडावर हलकेच आपटतो. मला तो आवाज आवडतो.

उद्या कोणी हा खण आवरायला घेईल. मला बघून म्हणेल, अरे, हा चालतो का बघू या. बघा, माझी हरकत नाही. फक्त मला घेऊन अंगणात जा, या खिळ्यापासून लांब. माझा काटा अजून शाबूत आहे, आणि त्याला मिस्त्रींसारखं बोलता येत नाही.