ओळखीची एक व्यक्ती, नातेवाईक नको

मनिषाच्या बारावीच्या मार्कशीटवर शोभाने झेरॉक्सचं झाकण दाबलं आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. नंबर अनोळखी होता, म्हणजे नोकरीच्या पडताळणीचाच असणार. असे फोन तिला वाजण्यावरूनच कळत. समोरच्या मुलीने आपलं नाव पुरतं सांगायच्या आत हिची गाडी सुरूही झाली.

"मनिषा हिलम ना? अहो, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. कामाला खमकी. उलट उत्तर नाही, उगाच सुट्टी नाही. मी तर म्हणते, अशी मुलगी शोधून..."

"मॅडम, एक मिनिट," पलीकडून आवाज आला. "माझं नाव पूर्वी, व्हेरिफिकेशनमधून बोलतेय. मागच्या महिन्यात मीच तुम्हाला अंकुश पवारबद्दल फोन केला होता. तोही तुमच्या डोळ्यांसमोरच वाढला होता."

आता बोला! 

"त्याच्याआधी आणखी पंधरा जण. मनिषा धरून सतरा फॉर्मवर तुमचा एकच नंबर आहे. सिस्टीमने लाल केलाय मॅडम. मला हा फॉर्म रिजेक्ट करावा लागेल."

समोरच्या बाकड्यावर मनिषा बसली होती. बावीस वर्षांची, अंगाने किडकिडीत, मांडीवर प्लास्टिकची फाइल. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतून मिनिडोर रिक्षाने आली होती. जासईकडच्या एका गोदामात पेट्यांवरचे कोड स्कॅन करायच्या कामावर तिची निवड झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. वाडीतली बारावी झालेली ती पहिलीच. आणि रविवारी पहाटे वीटभट्टीचा ट्रक वाडीवर यायचा होता. दिवाळी उरकली की अख्खी वाडी त्यात बसून सहा-सात महिन्यांसाठी जाते. सोमवारची नोकरी पक्की असेल तर मनिषा मागे राहणार होती, नाहीतर आईबापाबरोबर ट्रकात. हे तिने शोभाला दोनदा सांगितलं होतं, रडगाणं न गाता, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

"काय झालं ताई?" मनिषाने खुणेनेच विचारलं.

शोभाने हाताने तिला थांब म्हटलं. थांब म्हणायला काय जातं! पण पुढे काय करायचं ते तिला कुठे ठाऊक होतं?

पनवेलच्या लाइन आळीतलं तिचं दुकान म्हणजे सहा बाय दहाचा गाळा. बाहेर पाटी: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, बायोडेटा. सल्ला फुकट, आणि तोही न मागता. जन्मतारखेखाली रास लिहिणाऱ्याला ती म्हणे, "बाबा, तुला नोकरी हवी की बायको?" छंद म्हणून टीव्ही पाहणे लिहिलं की, "पगार टीव्ही बघायचा मिळणारे का?" 'डॅशिंग राजा' नावाचे ईमेल तिने किती बदलले असतील, गणतीच नाही. विमानतळाचं वारं सुटल्यापासून तर गर्दी दुप्पट झाली होती. बायोडेटा एका पानात बसवा, आता आधी मशीन वाचतं आणि मग माणूस, तेव्हा जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचला, आणि फोन आला की 'हां बोल' म्हणू नका, हे ती दिवसातून दहादा सांगे.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असायचा. तुम्हाला ओळखणारी एक व्यक्ती, नातेवाईक नको. तिथे भल्याभल्यांचं पेन अडे. वाडीवरच्या पोरांना ओळखणार कोण? आई, मामा, चुलता. बाहेरचा म्हणावा तर भट्टीचा शेठ, आणि तो कशाला चांगलं सांगेल? त्याला माणसं भट्टीवर हवीत. पोरं पेन चावत बसत. मग शोभा म्हणे, "लिही माझं."

पहिल्यांदा कीव आली म्हणून म्हणाली होती. पुढे मात्र, खरं सांगायचं तर, तिला त्या फोनांची सवय लागली. पनवेलच्याच टक्का भागातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. आईबापांची एकुलती एक, लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि आई गेल्यापासून घरात आवाज म्हणजे कुकरचा. वयाची पन्नाशी उलटली होती. तिला स्वतःहून फोन करणारं, ती बोलतेय ते ऐकून लिहून घेणारं जगात दुसरं कोण होतं? म्हणून ती सढळ हाताने सांगायची. कोणी शेजारचा व्हायचा, कोणी घरी येऊन-जाऊन असलेली. नोकरी लागलेलं एकही पोर पुन्हा दुकानाची पायरी चढलं नव्हतं, साधे दोन पेढे घेऊन नाही. "कामातून वेळ नको का मिळायला," असं ती म्हणे आणि त्या दिवशी झेरॉक्सचं झाकण जरा जास्तच जोरात आपटे.

सात वर्षं हे निभावलं, कारण प्रत्येक कंपनीचा विचारणारा माणूस वेगळा होता. आता सगळ्या गोदामांनी मिळून ते काम एकाच एजन्सीला दिलं होतं. तिथे कॉम्प्युटर नंबर जुळवून बघतो. फॉर्म भरून द्यायचा धंदा करणारीला एवढं सुचू नये! शोभाला स्वतःचीच चीड आली.

"पूर्वी मॅडम," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत खाली आला होता. "चूक माझी आहे. पोरीची नाही. दुसऱ्या कोणाचं नाव देऊ का?"

"नाव बदललं तर फॉर्म नवीन धरतात. मग पुढची बॅच, फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत ती इथे नसेल हो."

पलीकडे की-बोर्डचा आवाज आला, मग थांबला. मुलगी वाईट नव्हती.

"एक करता येईल," पूर्वी म्हणाली. "तुम्हालाच व्हेरिफाय करू. तुम्ही खऱ्या आहात, एजंट नाही, असं सांगणारं कोणीतरी द्या. कुठेतरी नोकरीत असलेलं, तुम्हाला पाच वर्षं तरी ओळखणारं. या सतरातलं नको. आणि नातेवाईक नको. चार वाजेपर्यंत नंबर पाठवा, मी लगेच फोन लावते."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"ताई, माझं काय जालं?" मनिषा उठून उभी राहिली.

"काही नाही गं. त्यांना माझी ओळख हवीय."

"तुमची?" मनिषाला हसूच आलं. "तुमाला तर सगलं पनवेल वलखतंय."

शोभा फोन घेऊन गल्लीत आली. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा घरघराट चालू होता, तो बरा वाटला. तिने फोनमधली नावं वर-खाली सरकवली. कागदवाला. टोनरवाला. गॅस एजन्सी. वीज मंडळ. आईचे डॉक्टर, ते तर गेले तीन वर्षांपूर्वी. खालच्या मजल्यावरच्या सहस्रबुद्धे बाई, त्या नोकरीत नाहीत, शिवाय पाण्याच्या मोटारीवरून अबोला. बाकी सगळी तिचीच पोरं, नाव आणि पुढे काम लिहून ठेवलेली. सुदाम पॅकिंग. माधुरी हाउसकीपिंग. जीवन फोर्कलिफ्ट. हजारभर नावं, आणि त्यातलं एकही असं नाही की ज्याला सहज फोन लावून म्हणावं, काय करतोयस? तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. भर दुपारी, गिरणीसमोर, एवढ्या मोठ्या बाईला!

जीवनला लावला. तो या एजन्सीच्या आधीचा, म्हणजे सतरात नसणार. सहा वर्षांपूर्वी त्याच्यासाठी ती कंपनीच्या बाईशी वीस मिनिटं बोलली होती.

"कोण शोभा?" जीवन म्हणाला.

"अरे, लाइन आळी. फॉर्मवाली."

"हां हां. नाय ओ, मला नका घेऊ त्यात. माझी फाइल उघडली तर? पोरंबाळं हायेत मला." आणि फोन बंद.

मग कुंदन, तोही एजन्सीच्या आधीचा. कुंदन कोळी, उरणचा. सात वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून चिकटला होता, आता कंटेनर यार्डच्या गेटवर सुपरवायझर झाला असल्याचं कोणीतरी बोललेलं तिने ऐकलं होतं. फोन उचलला तेव्हा मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"बोला, लवकर बोला. गाड्या लागल्यात."

तिने सांगितलं. एका दमात, भीक मागितल्यासारखं.  तो मध्येच कुणावर तरी ओरडला, परत फोनवर आला.

"म्हंजे मला फोन येनार. आनि मी काय सांगू? तुमाला किती वलखतो म्हनून सांगू?"

"जेवढं खरं असेल तेवढं सांग रे."

"खरं म्हंजे मी तुमच्याकडं दोनदा आलो. एकदा फॉर्म भराया, एकदा छत्री राहिली म्हनून." पुन्हा एक हॉर्न वाजला. "खरं सांगितलं तर पोरीचं काम व्हायचं नाय मॅडम. द्या नंबर. बघतो." फोन कट झाला.

बघतो. म्हणजे काय समजायचं? तरी तिने नंबर पाठवला. पावणेचार झाले होते, दुसरं होतं कोण?

आत येऊन ती खुर्चीत बसली. एक मुलगा आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आला, त्याला तिने मशीन बंद आहे म्हणून घालवून दिला.  फाइलमधले कागद काढून मनिषाने पुन्हा त्याच क्रमाने लावले.

"आयेला सांगितलंय मी," ती म्हणाली. "नायच जालं तर येते म्हनून. माजं गठुडं बांधून ठेवलंय तिनं."

 शोभाचे सल्ले संपले होते.

चारला पाच कमी असताना फोन वाजला. पोरीचा निकाल होता, तिनेही ऐकायला हवा, म्हणून शोभाने स्पीकर लावला.

"शोभा मॅडम, तुमच्या कुंदन कोळींशी बोलले." पूर्वीच्या आवाजात पहिल्यापेक्षा बरीच नरमाई होती. "चांगली सात-आठ मिनिटं बोलत होते. मला म्हणाले, त्या बाईंवर संशय घेताय म्हणजे कमाल आहे. सात वर्षं झाली म्हणे ओळखीला. आधी माझ्या पोटापाण्याचं बघितलं, मग मला घरातलाच केला."

शोभाने स्पीकरचा आवाज वाढवला.

"दर भाऊबीजेला तुमच्याकडेच असतात म्हणाले. तुम्ही ओवाळता. परवाच्या दिवाळीलाही उरणहून आले होते, रात्री शेवटची एसटी चुकली तर तुम्ही टॅक्सीने पाठवलंत. बरोबर?"

परवाच्या भाऊबीजेला शोभाने दुकान उघडं ठेवलं होतं. दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं, पासपोर्ट फोटोसाठी, आणि संध्याकाळी तिने घरी जाऊन सकाळचाच भात गरम केला होता.

"मॅडम? बरोबर ना?"

"हो," शोभा म्हणाली. "बरोबर."

"मग एकच विचारते. ओवाळता म्हणजे ते तुमचे भाऊ का? नातेवाईक असतील तर मला चालणार नाही."

 शोभाने पदराने कपाळ पुसलं. एवढं साधं, खरं उत्तर द्यायचं होतं, आणि तेच तोंडातून निघेना.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "नातं नाही आमचं काही."

"नातेवाईक नाही," पूर्वीने टाइप करता करता म्हटलं. "ठीक आहे मॅडम. मनिषा हिलम क्लिअर. सोमवारी आठ वाजता गेटवर पाठवा, ओरिजिनल कागद घेऊन. पण यापुढे कोणाच्या फॉर्मवर तुमचा नंबर देऊ नका हां, नाहीतर माझी नोकरी जाईल."

"नाही देणार. थांबा हं, त्याचं सांगायचं राहिलं. येतो तेव्हा जेवूनच जातो तो. त्याला माझ्या हातचं वालाचं बिरडं लागतं, घरात आगरी-कोळी जेवण असून माझ्याकडे बिरडंच मागतो. मी म्हणते, अरे, लग्न कर आता, बायको घेऊन ये. तर म्हणतो, तुम्ही बघा. मी कुठे बघू? पण बघेन म्हणते, या वर्षी..."

फोन केव्हाच बंद झाला होता. ते मनिषाने तिला सांगितलं नाही. फाइल छातीशी धरून ती तशीच उभी राहून ऐकत होती, आणि शोभा बोलायची थांबली तेव्हाच तिने चपला पायात सरकवल्या.

"बरा हाय तुमचा भाव," ती म्हणाली. "एवड्या लांबना येतो."

"हो," शोभा म्हणाली. "येतो."